कॅमेऱ्याची पिशवी

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी भेट दिलेला किंवा परदेशी असलेल्या मुलाने आणून दिलेला एखादा उत्तम कॅमेरा आपल्या अनेक घरांत असतो. तो बहुधा कपाटात असतो. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढताना, ताडोबाच्या जंगलात किंवा नातीच्या साखरपुड्याला सोबत येतो तो खिशातील मोबाइल. कारण विचारले असता ‘एवढे ओझे कोण वागवणार?’ असे उत्तर मिळते. हे उत्तर आळस म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. साठी उलटलेल्या माणसाच्या खांद्याची आणि कमरेची तक्रार खरी असते. मात्र ती कॅमेऱ्यापेक्षा, ज्या पिशवीतून तो न्यावयाचा त्या पिशवीविषयी अधिक असते. म्हणून या महिन्याचे सदर कॅमेऱ्याच्या पिशवीसाठी.

प्रथम वजनाचा ताळेबंद मांडू. आकडे कागदावर उतरल्याशिवाय कोणत्याही खर्चास मंजुरी देऊ नये, ही बँकेतील सवय अद्याप सुटलेली नाही. निकॉनचा डी-७५०० हा हौशी मंडळींत लोकप्रिय असलेला कॅमेरा बॅटरीसह ७२० ग्रॅम भरतो. त्याचे नित्याचे १८-१४० मिलिमीटरचे भिंग ४९० ग्रॅम. पक्षी आणि वाघ यांच्यासाठी अनेक जण घेतात ते २००-५०० मिलिमीटरचे भिंग २३०० ग्रॅम. बेरीज झाली ३५१० ग्रॅम. आता गादी भरलेली, अनेक कप्प्यांची, दुकानात पाहताक्षणी मनात भरणारी मोठी सॅक घेतली तर ती रिकामीच दीड ते दोन किलोची असते. त्यात लिटरभर पाणी, चार्जर, जादा बॅटरी, चष्म्याचे घर, औषधांची डबी. साडेसहा किलो केव्हा झाले ते कळतही नाही.

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे सांगितले आहे. नातवंडांच्या दप्तराविषयी आपण मोठ्या तळमळीने बोलतो. पासष्ट किलोच्या आजोबांनी हाच नियम स्वतःला लावला तर त्यांची मर्यादा साडेसहा किलोवर येते, आणि वरची सॅक ती मर्यादा घरातून निघतानाच गाठते. माझे स्वतःचे मत असे की आपल्या वयात पायऱ्या चढावयाच्या असतील तर सर्व मिळून चार किलोंच्या पुढे जाऊच नये. विमान कंपन्याही देशांतर्गत प्रवासात हातातील सामानास साधारणतः सात किलोंचीच मुभा देतात. लिथियमच्या जादा बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकून सामानकक्षात पाठविण्यास मनाई आहे, त्या सोबतच्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या पिशवीस सात किलोंतही पूर्ण हक्क नाही. त्यात आपले कपडे, पुस्तक आणि घरून दिलेला डबाही बसावयाचा असतो.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरातील वजनकाटा घ्यावा आणि आपल्याकडील प्रत्येक वस्तू तोलून कागदावर लिहावी. हा एक तासाचा उद्योग आहे. त्यानंतर पुढील प्रश्न स्वतःस विचारावा: ही सर्व सामग्री एकाच दिवशी, एकाच ठिकाणी मला खरोखर लागते काय? पिशवी निवडताना मालकीच्या सामानाकडे पाहावयाचे नाही, त्या दिवसाच्या वाटेकडे पाहावयाचे, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्या विदर्भातील माणसाच्या वाटा तरी किती निरनिराळ्या आहेत, ते पाहा.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये त्यास तो दर्जा मिळाला. नागपूरकरांना ते जवळचे, म्हणून मोठे भिंग घेणारा प्रत्येक जण प्रथम तिकडे धावतो, आणि तेथे जावयाचे म्हणून पाठीवरची भक्कम सॅक विकत घेतो. आता असे पाहा, जंगलात आपण उघड्या जिप्सीत बसतो. ठरावीक जागा सोडल्यास खाली उतरावयाचे नसते. पिशवी पाठीवर घेऊन चालण्याचा प्रसंगच येत नाही. ती असते पायांपाशी किंवा शेजारच्या आसनावर, आणि तिच्यावर सतत उडत असते ती लाल धूळ. वाघ रस्ता ओलांडतो तो दहा-पंधरा सेकंदांत. त्या अवधीत सॅक उलटी करून, तिच्या तीन बाजूंची चेन उघडून भिंग बाहेर काढेपर्यंत वाघ बांबूंत गेलेला असतो आणि गाइड आपल्याकडे सहानुभूतीने पाहत असतो. येथे उपयोगाची पिशवी म्हणजे वरून उघडणारी, डब्यासारखी, कॅमेऱ्याला भिंग जोडलेल्या अवस्थेतच आत राहील अशी. २००-५०० चे भिंग सुमारे २७ सेंटीमीटर लांब आहे. कॅमेरा जोडून ठेवावयाचा तर आतील जागा ३५ सेंटीमीटरपेक्षा अधिक हवी. धुळीसाठी महागडे आवरण नको. उशीचा जुना, धुतलेला अभ्रा कॅमेऱ्यावर टाकून ठेवावा. तो हाताने दूर सारण्यास क्षणही लागत नाही.

जिप्सीच्या कठड्यावर भिंग टेकविण्यासाठी ‘बीन बॅग’ म्हणून एक छोटी उशी मिळते. तीत पुष्कळ जण तांदूळ किंवा राजमा भरतात. हे मला पसंत नाही. सहल संपल्यावर ती उशी कपाटात पडून राहते, पावसाळ्यात धान्यास कीड लागते आणि मग निष्कारण जीवहिंसेचा प्रसंग येतो. त्यापेक्षा उशी रिकामी न्यावी आणि तेथे पोहोचल्यावर तीत आपलाच टॉवेल, शाल घट्ट घडी करून भरावी. वजनही वाचते.

मुक्तागिरीची वाट याच्या नेमकी उलट. परतवाड्याजवळ, पण हद्दीने मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात असलेल्या या सिद्धक्षेत्रावर बावन्न मंदिरे आहेत, आणि पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यासारखा असतो. येथे पायऱ्या आहेत, ओले दगड आहेत, एक हात कठड्याला आणि दुसरा बहुधा पत्नीच्या हातात असतो. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढावयाच्या असतात. सम्मेदशिखरजीची वंदना तर चढ, परिक्रमा आणि उतार मिळून सत्तावीस किलोमीटरांची. अशा ठिकाणी एका खांद्यावरून लोंबणारी पिशवी धोक्याची. वाकताच ती पुढे येते आणि तोल जातो. दोन्ही खांद्यांवर समान भार टाकणारी लहान सॅकच येथे हवी, आणि छातीवर दोन्ही बंद जोडणारी छोटी पट्टीही हवी. कमरेचा पट्टा रुंद आणि गादीचा असेल तर भाराचा मोठा वाटा खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरतो. लहान सॅकना जो बोटभर रुंदीचा पट्टा असतो तो फक्त सॅक हलू देत नाही, भार घेत नाही. विक्रेता दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून हा भेद सांगून ठेवला.

आणि मोठे भिंग अशा वाटेवर न्यावेच कशाला? बाहुबलींची सत्तावन्न फुटांची मूर्ती दुरून आणण्यासाठी दुर्बिणीसारखे भिंग लागत नाही. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीच्या आरंभकालीन शिलालेखांत गणला जाणारा लेख कोरलेला आहे. मराठी माणसाने तेथून आणावे असे ते छायाचित्र आहे, आणि ते साध्या १८-१४० च्या भिंगाने उत्तम येते. गर्भगृहात छायाचित्रणास मनाई असेल तर ती निमूट पाळावी. अशा वेळी कॅमेरा लगेच आत ठेवता येईल अशी पिशवी असली म्हणजे दर्शनात मन राहते.

पिशवी घेताना आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे: हिच्यात चामडे तर नाही ना? अनेक क्षेत्रांवर चामड्याच्या वस्तू वर नेऊ नयेत अशी सूचना लावलेली असते. पट्टा आणि पाकीट आपण आठवणीने काढून ठेवतो. कॅमेऱ्याच्या पिशवीकडे मात्र लक्ष जात नाही. इंग्लंडमधील बिलिंगहॅम या नामांकित पिशव्यांची कथा यासंदर्भात मोठी मौजेची आहे. १९७३ मध्ये हा उद्योग सुरू झाला तो मासेमारीच्या पिशव्या शिवण्यासाठी. पुढे १९७८ च्या सुमारास न्यूयॉर्कचे छायाचित्रकार त्याच पिशव्यांतून कॅमेरे नेतात असे कळले, आणि तेव्हापासून त्या कॅमेऱ्याच्या पिशव्या झाल्या. कापड अव्वल दर्जाचे, शिवण पिढीभर टिकणारी, परंतु बंद व कडा चामड्याच्या. आपल्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला.

लेबल वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे की ‘नुबक’, ‘नप्पा’ आणि नुसते ‘स्वेड’ ही चामड्याचीच नावे आहेत. ‘पीयू’ आणि ‘व्हेगन लेदर’ ही कृत्रिम. मुख्य पिशवी नायलॉनची असून मूठ, चेनीची ओढणी किंवा कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी चामड्याची, असेही असते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कापलेली कड. कृत्रिम चामड्याच्या कडेस पातळ थराखाली विणलेले कापड दिसते, खऱ्या चामड्यात तंतूंचा एकजीव गुंता दिसतो. पिशवीसोबत येणाऱ्या साहित्याकडेही पाहावे. भिंग पुसण्याचा जुन्या पद्धतीचा ‘शॅमॉय’ हा कपड्यासारखा दिसला तरी तो बकरी-मेंढीचे मऊ केलेले कातडे असतो, आणि ‘कॅमल हेअर’ म्हणविणाऱ्या कुंचल्यांत उंटाचा नव्हे, बहुधा खारीचा वा बकरीचा केस असतो. मायक्रोफायबरचे कापड आणि रबरी फुंकणी या दोन वस्तूंनी दोघांचीही गरज उरत नाही.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने काचेवर जिलेटिनचा थर देण्याची पद्धत सुचविली, आणि पुढे रोल फिल्मपर्यंत सर्व छायाचित्रण त्याच थरावर चालले. जिलेटिन हे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून काढतात. आपल्या आजोबा-पणजोबांचे, मुनिमहाराजांच्या चातुर्मासाचे जे जुने फोटो आपण जपून ठेवले आहेत ते सर्व या थरावर उमटले. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मची गरजच संपविली. नव्या यंत्रांना नावे ठेवणाऱ्यांनी ही बाजूही जमेस धरावी.

चामडे नको म्हटल्यावर कापड कोणते, हा प्रश्न येतो. नायलॉनच्या जाडीचा आकडा ‘डेनियर’मध्ये देतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. एक हजाराचे कापड जाड आणि भारी, चारशेच्या आसपासचे आपल्या कामास पुरेसे. कृत्रिम चामड्याच्या आणि आतून पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या पिशव्यांचा एक दोष असा की उष्णता आणि दमट हवा यांनी काही वर्षांत तो थर चिकट होतो व त्याच्या पापुद्र्या निघू लागतात. नागपूरच्या हवामानात हा दोष लवकर प्रकट होतो, कारण मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि जूनच्या उत्तरार्धात भिंतींना ओल येते. म्हणून मेणकापड, सुती कॅनव्हास किंवा साधे घट्ट विणीचे नायलॉन बरे. रंग काळा नको. खाकी किंवा राखाडी घ्यावा. उन्हात काळी पिशवी आतील बॅटरीसह तापते. बंद गाडीत तर ती मुळीच ठेवू नये.

फार गादीचा सोस कशासाठी, हेही मला उमगलेले नाही. अमेरिकेतील ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉम्के यांनी १९७० च्या दशकात स्वतःच्या रोजच्या धावपळीसाठी जी पिशवी बेतली, ती जवळपास साध्या कॅनव्हासची होती. अंगाला बिलगणारी, वरून झटकन उघडणारी, खोक्यासारखी न फुगणारी. तीच पुढे वृत्तछायाचित्रकारांची आवडती ठरली. आपल्याकडे एके काळी कवी आणि पत्रकार यांच्या खांद्यावर शबनम असे, तिचा गुण हाच.

शबनमवरून मी माझ्या शिफारशीकडे वळतो. बाजारात गादीचा सुटा डबा मिळतो, त्यास ‘इन्सर्ट’ म्हणतात. आत हव्या तेथे चिकटविता येणारी पार्टिशने असतात. हा डबा कॅमेऱ्यास धक्क्यापासून राखतो, आणि तो कोणत्याही पिशवीत बसतो. असा एक मध्यम डबा घ्यावा, आणि अठरा ते बावीस लिटरची एक साधी, हलकी, पाठीवरची सॅक घ्यावी, जिची एक चेन बाजूने उघडते. क्षेत्रावर जाताना डबा सॅकमध्ये. साखरपुड्याला किंवा पंचकल्याणकाच्या मंडपात तोच डबा शबनममध्ये किंवा घरच्या कापडी पिशवीत. तेथे कॅमेरा आणि एक भिंग मिळून सव्वा किलो, एका खांद्यास ते जड नाही, आणि पाहुण्यांना आपण फोटोग्राफर म्हणून बोलाविलेले आहोत असेही वाटत नाही. ताडोबाला मोठ्या भिंगासाठी तेवढी वरून उघडणारी दुसरी पिशवी लागेल. ती वर्षातून दोनदाच लागत असेल तर मित्राकडून आणावी. सर्व कामांसाठी एकच अवाढव्य सॅक घेणे म्हणजे चार खाती बंद करून सगळी शिल्लक एका चालू खात्यात टाकण्यासारखे आहे.

बाजूने उघडणाऱ्या चेनीचा आग्रह मी धरतो तो तळ्यांकाठच्या अनुभवाने. हिवाळ्यात आपल्या तलावांवर पट्टकादंब येतात, गोंदिया-भंडाऱ्याकडे सारसांची जोडी पाहण्यास मंडळी जातात. तेथे बांधावर चिखल असतो. पाठीकडून उघडणारी सॅक जमिनीवर आडवी टाकल्याशिवाय उघडत नाही. बाजूच्या चेनीची सॅक एक बंद उतरवून पुढे फिरविली की उभ्याने काम होते. उलट रेल्वेच्या प्रवासात पाठीकडून उघडणारी अधिक सुरक्षित, कारण मागचा माणूस तिला हात घालू शकत नाही. दोन्ही सोयी एकत्र असलेल्या सॅकही मिळतात, पण चेनी वाढल्या की वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. मी बाजूची चेन निवडीन आणि रेल्वेत सॅक उशाशी घेईन.

एक किरकोळ सूचना रामटेकला जाणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्याच्या पिशवीत खाकरा, चिक्की किंवा फळे ठेवू नयेत. तेथील माकडांना पिशवीची किंमत कळत नाही, वास मात्र अचूक कळतो.

खरेदी करताना आपला कॅमेरा आणि भिंगे सोबत न्यावीत, पिशवीत भरावीत, आणि दुकानातच दहा मिनिटे ती पाठीवर घेऊन उभे राहावे. दुकानदार आश्चर्य करील, करू द्यावे. बंदांची लांबी दोन्ही बाजूंस सारखी करून पाहावी. पिशवीचा तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. चेन एका हाताने, न पाहता उघडता येते का ते पाहावे, कारण दुसऱ्या हातात काठी किंवा कठडा असणार. पावसाचे आवरण तळाशी स्वतंत्र कप्प्यात शिवलेले आहे ना, हेही बघावे. कंपनीचे मोठे अक्षरांतील नाव असलेली पिशवी शक्यतो घेऊ नये. आत किमती वस्तू आहे हे स्टेशनवर सर्वांना सांगण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याचा आणि भिंगांचा अनुक्रमांक बिलासह घरी लिहून ठेवावा. विम्याचा दावा असो वा पोलिसांतील तक्रार, प्रथम तोच विचारला जातो.

घरी परतल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवू नये. गादी ओलावा शोषते आणि धरून ठेवते. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांपुढे गेली की भिंगावर बुरशी येण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे पावसाळ्याखेरीज आणखी एक ओलसर जागा असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कूलरची खोली. उन्हाळ्यात बाहेर रखरखाट असतो, पण ज्या खोलीत दिवसभर डेझर्ट कूलर चालतो तेथे कपाटातील कागददेखील सर्द होतात. कॅमेरा आणि भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, दुसऱ्या खोलीत ठेवावीत. पुड्यांतील मण्यांचा रंग पालटला की ते तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. पिशवी रिकामी करून, उलटी धरून, हलक्या हाताने झटकावी, म्हणजे कोपऱ्यात दडलेला एखादा किडा-मुंगी सुखरूप बाहेर पडतो. मग तिच्या सर्व चेनी उघड्या ठेवून ती सावलीत, वाऱ्याच्या जागी खुंटीला टांगावी.